विदर्भात जेआर-१ (पहिल्या वर्षाची निवासी डॉक्टर) म्हणून रुजू होतेय : बॅगेत कपडे कोणते भरू?

आंबोळी | १६ फेब्रुवारी, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. इथली जुनी वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

गायनॅकला (स्त्रीरोग-प्रसूती) सीट लागली. पश्चिम विदर्भातलं सरकारी मेडिकल कॉलेज आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, कृपया अंदाज बांधू नका. मी रत्नागिरीची, एमबीबीएस आणि इंटर्नशिप मुंबईत झाली. विदर्भात आजवर एकदाच गेलेय, तेही डिसेंबरात एका लग्नाला, आणि तेव्हा थंडीने दात वाजत होते. त्यामुळे तिकडच्या उन्हाळ्याच्या गोष्टी ऐकते, पण त्या अजून अंगाला कळलेल्या नाहीत.

पंधरा दिवसांत जॉइनिंग आहे. सिनियरचा एका ओळीचा मेसेज आला: "फॉर्मल्स, ॲप्रन. जीन्स नको." बास! आईने सहा ड्रेस काढून ठेवलेत, त्यातले तीन जॉर्जेटचे. मैत्रीण म्हणते सरळ स्क्रब (ऑपरेशन थिएटरातल्यासारखा सुटसुटीत शर्ट-पायजमा) घे. ऑनलाइन ते ताणणाऱ्या कापडाचे छान दिसतात, पण एक जोडी दोन हजारांच्या घरात. बाबा म्हणतात, "चार पांढरे ॲप्रन शिवून घे, आत काय घातलंय कोण बघतंय."

तिकडे काम केलेल्यांनी सांगा. वॉर्डात, लेबर रूममध्ये, नाइटला खरंच काय घालता? पायात काय? आणि धुणं?

---

कापूसकोंड्या | १६ फेब्रुवारी, रात्री ११:४१

अभिनंदन! एक अडाणी प्रश्न. ॲप्रन म्हणजे स्वयंपाकघरातला तो?

---

निशाचर | १७ फेब्रुवारी, पहाटे ३:०५

@कापूसकोंड्या, डॉक्टरांचा पांढरा कोट. आपल्याकडे मेडिकलच्या पोरांच्या तोंडी तो 'ॲप्रन'च. लेबर रूममधला प्लास्टिकचा ॲप्रन वेगळा, तोही लागतोच.

@आंबोळी, मी जेआर-३, सर्जरी, विदर्भातच. नाइटला आहे, मधे मोकळी वीस मिनिटं मिळालीत, तेवढ्यात लिहितो.

जॉर्जेट घरी ठेव. आईला वाईट वाटेल, वाटू दे. एप्रिलपासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत इथे सुती कापडाशिवाय दुसरं काही अंगावर ठेवता येत नाही. पारा ४५ च्या वर जाणं ही आमच्याकडे बातमी नसते. ओटीत (ऑपरेशन थिएटरात) एसी असतो, वॉर्डात कूलर आणि वॉर्ड ते हॉस्टेल डांबरी रस्ता. दिवसातून दहा वेळा या तिन्हीतून ये-जा. ताणणारं स्क्रब म्हणजे पॉलिएस्टर. ते एसीतल्या हॉस्पिटलांसाठी ठीक. इथे चार तासांत पाठीला चिकटतं आणि काखेत घामोळ्या येतात.

स्क्रब घ्यायचाच तर इथे येऊन शिव. प्रत्येक मेडिकल कॉलेजच्या गेटासमोर एक तरी टेलर असतो, ज्याचा निम्मा धंदा आपल्यावर चालतो. सुती कापड आधी एकदा भिजवून वाळवून मग त्याला दे, नाहीतर पहिल्या धुण्यात पायजमा घोट्याच्या वर जातो. खिसे जास्त सांग. शर्टाला दोन, पायजम्याला दोन, मागे एक. टॉर्च, टेप, पेन, चिकटपट्टी, दोन-तीन बल्ब (रक्ताच्या नळ्या, @कापूसकोंड्या, दिवे नव्हेत) आणि फोन. माझा एक प्लेन बल्ब खिशातच फुटला होता, पेशंटच्या रक्तासकट. तेव्हापासून बल्ब वरच्या खिशात.

हाक आली. उरलेलं नंतर.

---

वऱ्हाडीठेचा | १७ फेब्रुवारी, सकाळी ८:१२

अवो ताई, काऊन येवढं टेन्शन घेऊन रायल्या? आमच्या इकडं माणसं लय साधी. तुमी काय घातलं हे कोनी पायत नाई, तुमी बोलता कशा हे पायतात. एक दुपट्टा मात्र घ्या, पांढरा, जाडा, सुती. डोक्शाले आन तोंडाले गुंडाळाले. माणसं बी गुंडाळतात इकडं, लाजू नका. आन खिशात कांदा ठेवा.

---

आंबोळी | १७ फेब्रुवारी, सकाळी ८:३०

कांदा??

---

निशाचर | १७ फेब्रुवारी, दुपारी २:१५

लू (उन्हाची गरम झळ) लागू नये म्हणून. माझ्या आजीनेही इंटर्नशिपच्या पहिल्या दिवशी ॲप्रनच्या खिशात टाकला होता. कांद्याने काही होत नाही, पाणी पी. पण ठेवलास तरी कुणी हसणार नाही, आमच्या एका सरांच्या गाडीत कायम असतो.

---

खादीचा_पंचा | १७ फेब्रुवारी, सायं. ७:५०

मी सेवाग्रामची. १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केलेलं कॉलेज, देशातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. आमच्याकडे खादी हा नियमच, विद्यार्थ्यांपासून प्राध्यापकांपर्यंत. त्यामुळे 'आज काय घालू' हा प्रश्न माझ्या आयुष्यातून साडेपाच वर्षं बाद होता, आणि खरं सांगते, डोक्याला फार विश्रांती मिळाली. श्रीमंताची मुलगी कोण आणि शेतकऱ्याची कोण हे लांबून कळत नसे. जवळून कळायचं, खादीतही प्रकार असतात. पण ते असो.

कापड म्हणून सांगते. हातकताईचं सूत एकसारखं नसतं, त्यामुळे विणीत हवा खेळते. घाम शोषते आणि लगेच सोडते. मे महिन्यात खादीचा कुर्ता आणि गिरणीचा सुती कुर्ता आलटून पालटून घालून बघ. तोटे: चुरगळते, इस्त्री दोन तास टिकते, ओली झाली की जड होते. कडक कांजी केली तर हवा खेळणं बंद, म्हणजे मुद्दाच गेला. वर्ध्यात गेलीस तर मगन संग्रहालयात नैसर्गिक रंगांची खादी मिळते. महाग आहे, एक घे. रोजच्यासाठी साधी पांढरी किंवा फिकी.

हॅंडलूमच्या दुकानातला 'खादी लुक' घेऊ नकोस. लुकच असतो.

---

जुनाखोड | १८ फेब्रुवारी, सकाळी ६:३०

मी १९८० च्या दशकातला हाऊसमन (तेव्हाचा निवासी डॉक्टर), आता निवृत्त. आमच्या वेळी टेरीकॉटचा ॲप्रन, त्याला कांजी, कॉलर अशी की मान कापावी. उकडायचं का? उकडायचंच. पण ॲप्रन हा पेशंटसाठी असतो, तुमच्यासाठी नव्हे.

एकदा रात्री दोनला कॉल आला, मी बुशशर्टावर तसाच धावलो. विषबाधेचा रुग्ण. नातेवाईक मला हातच लावू देईना. "तुमी कोन?" म्हणे. मी सांगतोय डॉक्टर, तो म्हणतोय, "डाक्टर असा नसते." शेवटी सिस्टरने तिच्या कपाटातून कुणाचा तरी ॲप्रन काढून दिला. माझ्या गुडघ्याखाली येत होता. तो चढवल्यावर त्याने रुग्णाचा हात सोडला. ती पाच मिनिटं मी अजून विसरलेलो नाही.

आजच्या मुलांना स्क्रबमध्ये पाहतो तेव्हा ओटीतून पळून आल्यासारखी वाटतात. ओटीचा ड्रेस घालून चहाच्या टपरीवर उभं राहणं तर अक्षम्य.

---

डबा_ऐसपैस | १८ फेब्रुवारी, सकाळी ९:०२

काका, बालरोगला या एकदा. पांढरं काही दिसलं की अख्खा वॉर्ड एका सुरात. मी राउंडला ॲप्रन खुर्चीवर टाकून जातो. मोठ्यांनाही होतंच की, ॲप्रन पाहून बीपी वाढतं त्याला 'व्हाइट कोट हायपरटेन्शन' असं रीतसर नाव आहे.

शिवाय लांब बाह्या. प्रत्येक पेशंटच्या अंथरुणाला मनगट लागतं. इंग्लंडमध्ये २००७ साली आरोग्य खात्याने 'कोपराखाली काही नको' असं सांगितलं. लांब बाह्या, घड्याळ, अंगठ्या सगळं बाद, म्हणजे पर्यायाने तो लांब कोटही बाद. हात आणि मनगटं नीट धुता यावीत एवढाच हेतू. आपल्याकडे मधला मार्ग म्हणजे अर्ध्या बाह्यांचा ॲप्रन. आंबोळी, तोच शिव. तीन पुरेत, चौथ्याला इस्त्री करायला वेळ मिळत नाही.

टपरीच्या मुद्द्यावर मात्र काकांना +१.

---

सडेतोड | १८ फेब्रुवारी, दुपारी १२:४०

गावाकडचे पेशंट आहेत हे लक्षात घेऊन मुलींनी सलवार-कमीज, ओढणी असाच वेष ठेवावा. पँट-शर्ट, स्क्रब वगैरे मुंबईत ठीक. लोकांना संकोच वाटतो.

---

निशाचर | १८ फेब्रुवारी, रात्री १०:३३

कुठल्या लोकांना? माझ्या युनिटमध्ये तीन मुली स्क्रबमध्ये असतात. मागच्या आठवड्यात मेळघाटातल्या धारणीकडची एक आजी आमच्या जेआर-१ च्या पायजम्याला हात लावून म्हणाली, "बाई, याले खिसे हायेत वो. बरं हाय." एवढाच संकोच.

संकोच बाकी सगळ्यांना असतो. मुलगे जीन्सवर ॲप्रन चढवून येतात, त्यांना कुणी टोकत नाही.

---

फाईलबंद | १८ फेब्रुवारी, रात्री ११:१०

मी मंत्रालयीन माणूस. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांसाठीच्या डिसेंबर २०२० च्या परिपत्रकात जीन्स, टी-शर्ट आणि कार्यालयात चपला नकोत असं होतं, पुरुष-स्त्रिया दोघांनाही. शुक्रवारी खादी वापरा असंही. रेसिडेंटना ते कितपत लावायचं हे कॉलेजवर. म्हणून सिनियर म्हणते ते आधी ऐका, मग महिन्याभराने स्वतःचं ठरवा.

---

दवाखान्यातली_चिमणी | १९ फेब्रुवारी, पहाटे १:२०

ओढणीबद्दल गायनॅकचीच म्हणून बोलते (पास होऊन दोन वर्षं झाली). लेबर रूममध्ये ओढणी नको म्हणजे नकोच. आंबोळी, तुझ्यासाठी सुटं सुटं लिहिते, जसं आठवेल तसं.

तुला 'सिस्टर' म्हणतील. काहीही घाल, म्हणतीलच. मी एका बाईचं सिझेरियन केलं, दोन दिवस ड्रेसिंग केलं, तिसऱ्या दिवशी तिचा नवरा मला विचारतो, "डॉक्टर साहेब कवा येतीन?" आणि मागे उभ्या असलेल्या इंटर्न मुलाला नमस्कार करतो. इंटर्न बिचारा लाल. उपाय एकच चालला: छातीवर मोठी पाटी, मराठीत, जाड अक्षरात. 'डॉ.' हे अक्षर नावापेक्षा मोठं. कॉलेजचं ओळखपत्र इंग्रजीत असतं आणि पोटाशी लोंबतं, ते कोण वाचणार? सिस्टर म्हटल्याचा राग मानू नकोस. सिस्टर नसतील तर तुझी पहिली रात्र निघणार नाही.

पायात: छिद्रांचे क्लॉग घेऊ नकोस. पाणमोट फुटली की सरळ मोज्यात. सुई पडली तरी तेच. पुढून बंद, मागे पट्टा, नळाखाली धरता येईल असं. लेबर रूममध्ये गुडघ्यापर्यंतचे पावसाळी बूट ठेवलेले असतात, पण मापाचे मिळतील ही आशा नको. स्वतःचे घे आणि त्यावर नाव लिही, नाहीतर तेही सार्वजनिक होतात.

बांगड्या, घड्याळ, अंगठ्या कपाटात. लग्न झालं असेल तर मंगळसूत्रही ओटीच्या वेळी काढावं लागतं, आणि मग वॉर्डातल्या आया-मावशी विचारतात. मी त्यांना सांगायचे, "पिनने आत लावलंय." लावलेलं नसायचं.

डाग: रक्ताला आधी गार पाणी, गरम कधीच नाही, प्रथिन घट्ट बसतं. जुना डाग असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइड, फेस येईल तो येऊ दे. बेटाडिनचा पिवळा-तपकिरी डाग म्हणजे आयोडीन, त्याला व्हिटॅमिन सी. गोळी पाण्यात विरघळवून चोळ, डोळ्यांदेखत पांढरा होतो, कारण आयोडीनचं रंगहीन आयोडाइड होतं. रंगीत गोळी नको हां, मी नारिंगी वापरून एक ॲप्रन कायमचा भगवा केला. हायपोक्लोराइटमध्ये (ब्लीचमध्ये) कपडे भिजवत ठेवू नकोस, सुताची चाळण होते.

---

कापूसकोंड्या | १९ फेब्रुवारी, सकाळी ९:४०

वाचतोय. आयोडीनचा प्रकार आजच करून पाहतो. आणखी एक अडाणी प्रश्न, ओटीतले कपडे हिरवे-निळेच का?

---

डबा_ऐसपैस | १९ फेब्रुवारी, सकाळी ९:५८

लाल रंगाकडे बराच वेळ बघून पांढऱ्यावर नजर टाकली की हिरवट ठिपके तरंगतात. समोरचं कापडच हिरवं असलं की ते त्यात विरून जातात.

---

आडवा_पाऊस | १९ फेब्रुवारी, रात्री ११:३०

यवतमाळ भागात मेडिसिनला होतो. वर खिसे, बाह्या, रंग सगळं झालं, हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

ऑगस्ट ते नोव्हेंबर कपाशीवर फवारणी असते. त्या दिवसांत कॅज्युअल्टीला (अपघात विभागात) विषबाधेचे रुग्ण येतात, काही प्यायलेले, काही नुसते फवारताना अंगावर उडालेले. २०१७ चं यवतमाळ सगळ्यांना माहीत आहे, फवारणी करताना विष भिनून शेतकरी-शेतमजूर गेले. असा रुग्ण येतो तेव्हा त्याचा सदरा, पायजमा भिजलेला असतो. ऑर्गॅनोफॉस्फरस (फवारणीतलं कीटकनाशक) कातडीतून आत जातं. कपडे काढून अंग, केस, नखं साबण-पाण्याने धुईपर्यंत विष चालूच राहतं, वरून तुम्ही कितीही ॲट्रोपिन (त्यावरचा उतारा) द्या.

ते कपडे काढणारे आपण असतो. पहिल्या वर्षी मी उघड्या हाताने काढले, ॲप्रनची बाही ओली झाली, तसाच सकाळपर्यंत वावरलो. डोकं ठणकत होतं, मळमळत होतं. झोप नाही म्हणून असेल असं धरून चाललो.

तेव्हा: साध्या लॅटेक्सच्या पातळ ग्लोव्हजवर भरवसा नको, नायट्राइल मागून घ्या. वर प्लास्टिकचा ॲप्रन. रुग्णाचे कपडे पिशवीत, तोंड बांधून बाहेर. नातेवाईक ते घरी न्यायला मागतात, धुऊन परत घालतात, त्यांना समजावून सांगा. आणि आपली चामड्याची वस्तू, बूट, पट्टा, घड्याळाचा पट्टा, ड्यूटीवर नकोच. चामडं ते शोषून घेतं, धुऊन जात नाही, टाकून द्यावं लागतं. लॉकरमध्ये कायम एक जास्तीची जोडी ठेवा. गायनॅकलाही येतात असे रुग्ण, गरोदर बायाही कपाशीत मजुरीला जातात.

---

जुनाखोड | २० फेब्रुवारी, सकाळी ६:१५

आडवा पाऊस, तुमचं वाचून रात्रभर विचार करत होतो. मी सांगितलेला तो रुग्णही फवारणीचाच. सिस्टरने दिलेला ॲप्रन मी तिला तसाच परत केला होता. तिने तो कुठे धुतला असेल, कुणी घातला असेल, कधी मनातही आलं नव्हतं.

---

आंबोळी | २० फेब्रुवारी, रात्री ९:००

सगळ्यांचे आभार. जॉर्जेट रद्द. आई गप्प आहे. दोन सुती स्क्रब तिकडे जाऊन शिवेन, तीन अर्ध्या बाह्यांचे ॲप्रन, चार खादीचे कुर्ते, मागे पट्ट्याचे बूट. पाण्याचं मात्र कुणी बोललं नाही?

---

वऱ्हाडीठेचा | २० फेब्रुवारी, रात्री ९:४५

तुमी खारपानपट्ट्यात येत असान तर मंग झालं. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या बऱ्याच गावाईत बोअरचं पानी खारं. साबनाले फेस येत नाई, पांढरं कापड दोन महिन्यात पिवळं आन पापडासारखं. नळाचं पानी येईन तवा बादली भरून ठेवा, पांढऱ्या कपड्याले तेच वापरा. दुसरं, वानरं. वाळत घातलं का चिमटे लावा, तरी नेतात.

---

आंबोळी | ११ मे, पहाटे ४:१०

मंडळी, जिवंत आहे.

आईने बॅगेच्या तळाशी एक जॉर्जेट लपवून ठेवलाच होता. पहिल्या रविवारी बाकी सगळं ओलं होतं म्हणून घातला. ओढणी लेबर टेबलाच्या स्क्रूत अडकली आणि टर्रकन फाटली. मावशी म्हणाल्या, "बरं झालं, आता येवढ्याशाची टोपी होईन." झाली. कुणाच्या तरी बाळाच्या डोक्यावर पांढऱ्या फुलांची जॉर्जेटची टोपी होती दोन दिवस. (मग आमच्या सरांनी पाहिली आणि सुती घालायला लावली.)

पाटी केली मराठीत, 'डॉ.' मोठं. अजूनही सिस्टरच म्हणतात, फक्त आता "डॉक्टर सिस्टर" म्हणतात.

स्क्रब टेलरने पाच खिशांचा शिवला. पहिल्या धुण्यात आखडला, कारण मी आधी भिजवला नव्हता. निशाचर, सांगितलं होतंस, कबूल. एक ॲप्रन वानराने नेला, टाकीवर बसून बाही चघळत होता, खालून वॉचमन ओरडत होता. खादीच्या कुर्त्यांनी तारलं. गेल्या आठवड्यात दुपारी लाइट गेली, कूलर बंद, वॉर्डात साठ बाया आणि त्यांची बाळं. त्या दिवशी जी ताणणाऱ्या स्क्रबमध्ये होती तिने संध्याकाळी तो कात्रीनेच काढला म्हणे.

जुनाखोड काका, मी ॲप्रन घालते. रात्रीसुद्धा. पण कॅज्युअल्टीत फवारणीचा संशय आला तर आधी उतरवून खुंटीला अडकवते आणि प्लास्टिकचा चढवते. जास्तीची जोडी लॉकरमध्ये आहे.

कांदाही आहे. आमच्या इन्चार्ज सिस्टरनी दिला, नाही म्हणता आलं नाही.

आता प्रश्न. इथे सध्या वीस मिनिटांत कपडे वाळतात, पण जुलै-ऑगस्टमध्ये हॉस्टेलच्या खोलीत काय करता? सिनियर म्हणतात सगळ्याला कुबट वास येतो आणि तेच घालून फिरतात.

---

दवाखान्यातली_चिमणी | ११ मे, सकाळी ७:३०

ऑटोक्लेव्हच्या (वाफेने निर्जंतुक करण्याच्या यंत्राच्या) खोलीची मागची भिंत. दिवसरात्र गरम असते. दोरी आम्हीच बांधली होती. पण आधी इन्चार्ज सिस्टरना विचार, आणि ओटीच्या स्टराइल गाठोड्यांपासून लांब टांग. त्या कांद्याबद्दल त्यांचं मन राख, भिंत मिळेल.

---

वऱ्हाडीठेचा | ११ मे, सकाळी ८:०५

म्या सांगतलं व्हतं ना कांद्याचं.